सोमवारचा अंगठा

सोमवारी सकाळी दहाला पाच कमी असताना मी शाखेच्या दारातल्या हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला आणि यंत्रानं ओळखच दाखवली नाही. शर्टाला पुसून पुन्हा ठेवला. नाही. डावा ठेवला. तोही नाही. मागं चार जण येऊन थांबले. शिपाई म्हणाला, "सायेब, जरा धुऊन या की हात."

धुऊन काही होणार नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत मी उघड्या हातांनी सिमेंटचा माल कालवला होता. ओलं सिमेंट चुन्यासारखंच कातडी खातं. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, उजेडात धरली की कागदासारखी चकाकत होती. बँकेत अधिकारी, वय चाळिशीच्या पुढं, आणि बोटांवर एक रेघ नाही.

पुढच्या रविवारी हे मी चाचांना सांगितलं. चाचा म्हणजे माझे मिस्त्री. साठीच्या आसपासचे, चाळीस वर्षं थापी धरलेले. ते आधी पोटभर हसले, मग दोन्ही तळहात माझ्यापुढं उघडून धरले. "रेशनच्या मशीनला माझा अंगठा किती साल झाले, लागंना. पोराला संग न्यावं लागतंय. तुमचं आठ दिसात येतंय परत, सायेब. आमचं काय आता येत न्हाई."

इथूनच सुरुवात केली, कारण लोक मला 'घराचं काम स्वतः करून किती वाचले हो?' असं विचारतात तेव्हा मला आधी हा अंगठा आठवतो आणि मग आकडा.

आमच्याकडं, म्हणजे लातूरकडं, गुंतवणूक म्हणजे प्लॉट. पगारदार माणूस, अडत्या, डॉक्टर, गुत्तेदार, ज्याच्याकडं चार पैसे आले तो गावाबाहेर एक प्लॉट घेऊन ठेवतो. त्याला चार कोपऱ्यांना चार दगड लावतो. मग पंधरा वर्षं त्यावर गाजरगवत उगवतं आणि तो दर दिवाळीला भाव विचारतो. घराच्या वाट्याला कुणी जात नाही. त्यातही जुनं घर म्हणजे डोक्याला ताप. मला मात्र जुनंच घर दिसलं, कारण ते औसा रोडच्या बाजूला, क्लासेसपासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून नांदेड, परभणी, बीड, हिंगोली, सगळीकडून पोरं इथं शिकायला येतात. त्यांना खोली लागते, कॉट लागते, मेस लागते. खाली तीन खोल्या, वर दोन. दहा कॉट बसतील. 34 लाखांना व्यवहार ठरला. 2022 च्या गुढीपाडव्याला मी कुलूप उघडलं.

डागडुजीच्या नुसत्या मजुरीचं गुत्तं एका गुत्तेदारानं 2,10,000 सांगितलं. अडीच महिन्यांत चावी देतो म्हणाला. मी घरी येऊन हिशेब मांडला आणि मोठ्या ऐटीत जाहीर केलं की जमेल तेवढं काम मी स्वतः करणार, अवघड तेवढं चाचा करतील.

बायको म्हणाली, "तुम्हाला घरातला नळ बदलता येतो का?"

तिचा मुद्दा बरोबर होता. पण माझ्याकडं एक जुनी आठवण होती आणि तिच्या जोरावर मी बोलत होतो.

मी सहावीत होतो. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. किल्लारी, सास्तूरकडच्या गावांचं त्या भूकंपात काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. आमचं गाव किल्लारीच्याच औसा तालुक्यात, पण जरा लांब. आमचं माळवदाचं घर पडलं नाही, पण फाटलं. आमच्या भागातली ती घरं माणसांच्या जिवावर का उठली हे मला पुढं कळलं. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, पण आत पाहिलं तर भिंत एक नसतेच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड घालायची पद्धत कधीतरी सुटून गेलेली. वर लाकडावर फूट-दीड फूट मातीचं ओझं. हादरा बसला की दोन थर एकमेकांपासून सुटतात, आणि वरचं माळवद खाली येतं.

नंतर सरकारनं पडलेली गावं नव्यानं वसवली आणि फाटलेल्या घरांच्या दुरुस्तीला मदत दिली. ती दुरुस्ती घरमालकानं उभं राहून करून घ्यायची होती. वडलांनी एका गवंड्याला हाताशी घेऊन भिंतीतून एकेक दगड काढला, आरपार भोक केलं, त्यात वाकवलेली सळई घातली आणि काँक्रीट ठासलं. अशी कितीतरी भोकं. मी घागरीनं पाणी आणत होतो. एका भोकातून मला पलीकडं आजी दिसली, चुलीपुढं बसलेली. आमच्या भिंतीतून आरपार बघता येतं याचं मला भारी नवल वाटलं होतं. ते घर अजून उभं आहे.

तर एवढ्या भांडवलावर मी थापी हातात घेतली.

माल भिंतीवर 'लावत' नाहीत, फेकतात, हे मला पहिल्या दिवशी कळलं. थापीवर माल घ्यायचा, मनगट मागं न्यायचं, आणि असा झटका द्यायचा की माल भिंतीला चिकटताना 'चप्प' असा आवाज आला पाहिजे. चाचांचा प्रत्येक थापा चप्प वाजायचा. माझा 'थप' वाजायचा, क्षणभर भिंतीवर थांबायचा, मग सावकाश घसरत खाली यायचा. चाचा बिडी विझवत म्हणाले, "सायेब, तुमी थापी धरायलाव का भाताचा चमचा?" संध्याकाळी मोजलं तेव्हा मी भिंतीला जेवढा माल दिला होता त्याहून जास्त माझ्या पायाशी पडला होता. महिनाभरानं एका दुपारी माझा एक थापा चप्प वाजला. चाचांनी मान वर केली नाही, पण त्यांनी तो ऐकला हे मला कळलं. बँकेतल्या वीस वर्षांत असलं सुख फार वेळा मिळालेलं नाही.

वरच्या खोल्यांचं प्लास्टर दिसायला ठीक होतं. चाचांनी हातोडीचा दांडा भिंतीवर आपटत आपटत खोलीला एक फेरी मारली. काही ठिकाणी टण्, काही ठिकाणी भद्द. भद्द वाजलं की तिथं खडूनं गोल. फेरी संपली तेव्हा निम्म्या भिंतीवर गोल होते. नखानं खरवडलं तर वाळू नुसती भुरभुर खाली. "ह्याला पाणीच मारलं न्हाई," चाचा म्हणाले.

पाणी का मारलं नाही ते मला जिन्याखाली सापडलं. हौदाच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारखांची यादी होती. टँकर, तारीख, टँकर, तारीख, आणि पुढं पैसे. शेवटी साल, 2016. विकणाऱ्यानं मला सांगितलंच होतं की वरच्या दोन खोल्या त्या वर्षीच्या उन्हाळ्यात झाल्या. लातूरच्या माणसाला 2016 चा उन्हाळा म्हटल्यावर जास्त सांगावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या 'जलदूत' गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत 50,000 लिटर. गाडी आली तेव्हा लोक बघायला जमले होते. त्या दिवसांत प्यायच्या पाण्याची घागर कुलपात ठेवणारी माणसं होती, तिथं भिंतीला सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी कोण मारणार? सिमेंट वाळतं म्हणून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं. ते वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. या भिंतीला प्यायला मिळालं नाही एवढाच तिचा दोष. विकणाऱ्यावर मी आठवडाभर मनातून चिडलो होतो, तो राग यादी वाचून गेला. प्लास्टर मात्र सगळं पाडावं लागलं.

जिन्याखालची ती वीतभर जागा मी रंगवली नाही. पोरांना ती ओल वाटते.

भिंतींचं असं निभलं. बाथरूमचं मात्र सांगताना अजून लाज वाटते. फरशी बसवणं मला सोपं वाटलं होतं, कारण फरशीला सरळ कड असते आणि सरळ कड असलेल्या गोष्टी आपल्याला कळतात असा बँकवाल्यांचा समज असतो. पाच रविवार लावले. अकरा फरश्या फुटल्या. शेवटी जे झालं ते दिसायला झकास. बायकोला बोलावलं, मुलीला बोलावलं, फोटो काढले. चाचा आले, दारात उभे राहिले, खिशातून एक गोटी काढली आणि फरशीवर सोडली. काचेची, निळ्या पाकळीची, नातवाची असावी. मोरी डाव्या कोपऱ्यात. गोटी जरा विचारात पडल्यासारखी थांबली आणि निवांत दाराकडं आली. माझ्या पायाशी.

चार फुटाला अर्धा इंच उतार, एवढंच ते शास्त्र. मी तो दिला होता, फक्त उलटा. चाचांनी ते सगळं उखडून दोन दिवसांत नवं करून दिलं. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, घेतली 900 प्रमाणे, बोलले काही नाहीत. गोटी मात्र मला देऊन गेले.

वायरिंगला मी हात लावला नाही. तिथं परवानाधारक वायरमनच लागतो आणि पोरांच्या खोलीत शॉक बसला तर कुठल्या हिशेबात धरणार? नळकामही दुसऱ्याकडून. रंग मी दिला. रंगकाम कुणालाही येतं असं म्हणतात, ते साधारण खरं आहे.

त्याच दिवसांत शेजारच्या आज्जी एकदा भिंतीवरून डोकावल्या. मी बनियनवर, डोक्याला टॉवेल, पायांवर सिमेंटचे शिंतोडे. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "हितलं झालं की आमच्या मोरीचं बघताव का? हजेरी काय घेतावं?" मी कोण ते सांगायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, "बघतो की आज्जी" म्हणून गेलो. दोनच महिन्यांनी त्या पेन्शनच्या कामाला शाखेत आल्या आणि काउंटरच्या पलीकडं मला बघून त्यांचा गोंधळ झाला. त्यांनी पासबुक पुढं केलं. मी सही केली. आमच्यात तो विषय निघाला नाही. आमच्या पाहुण्यांत मात्र निघाला. साहेब असून घमेलं उचलतो म्हणजे काहीतरी नड असणार, असं एका मावसभावानं गावभर केलं. हातानं काम करणाऱ्याला आपण काय समजतो ते अशा वेळी उघडं पडतं. त्याआधी मी स्वतः काय समजत होतो, तेही.

मग ती भेग. मागच्या खोलीच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी निघून जमिनीकडं गेलेली. मे महिन्यात तिच्यात एक रुपयाचं नाणं उभं राहायचं. मी ती पुट्टीनं भरली, घासली, वरून प्रायमर. चाचा त्या रविवारी आले नव्हते. पाऊस पडला, आणि ऑगस्टमध्ये पुट्टी भेगेतून बाहेर आली. दाबून पिळल्यासारखी, ओठ बाहेर काढल्यासारखी.

"काळी माती हाय खाली," चाचा म्हणाले. "उन्हाळ्यात ती मागं सरती, पावसाळ्यात फुगती. तुमी तिचं तोंड उघडं असताना घास कोंबलाव." आपल्या शेताला जी माती कापूस आणि सोयाबीन देते तीच घराखाली असली तर घर दर वर्षी श्वास घेतं. जुन्या घरांना खाली मुरूम भरलेला असतो, पाया खोल असतो, तरी एखादा कोपरा राहून जातो. चाचांनी खिडकीच्या फुटक्या काचेची बोटभर पट्टी कापून आणली आणि भेगेच्या दोन्ही कडांवर सिमेंटनं चिकटवली. काचेशेजारी मी पेन्सिलीनं तारीख लिहिली. "काच फुटली तर मला बोलवा. न्हाई फुटली तर रंग द्या."

काच मार्चमध्ये फुटली. मग कोपऱ्याशी खोदलं तेव्हा सांडपाण्याचा पाइप सांध्यातून गळताना सापडला. तिथली माती एका बाजूनं कायम ओली, दुसऱ्या बाजूनं कोरडी. पाइप बदलला, घराच्या कडेनं बाहेर उतार देऊन कोबा केला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. भेग नीट भरली आणि दुसरी काच लावली. तिच्याशेजारीही तारीख आहे.

पुढच्या पाडव्याला घर तयार झालं. सत्तेचाळीस रविवार. आता आकडा.

मजुरीचं गुत्तं 2,10,000 चं होतं. चाचा, वायरमन, नळवाला मिळून मी 96,000 दिले. वाचले 1,14,000. त्यातून फुटलेल्या फरश्या, दुसऱ्यांदा केलेलं बाथरूम आणि माझ्या कमरेचा डॉक्टर मिळून 23,000 गेले. राहिले 91,000. मी हे बायकोला वाचून दाखवलं. तिनं पेन घेतलं. "गुत्तेदार अडीच महिन्यांत देणार होता. दहा कॉट, कॉटमागं 2,200, म्हणजे महिन्याचे 22,000. तुमच्या नादात जे महिने गेले त्यातले पोरांच्या सुटीचे दोन सोडून देऊ. वर थोडी सूट देऊन सहाच महिने धरू. 1,32,000." मग तिनं दोन आकड्यांची वजाबाकी केली आणि 41,000 वर एक गोल काढला. तोट्याचे.

सी.ए. मित्राकडं गेलो तर त्यानं आणखी भर घातली. घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी 30 टक्के सरसकट वजा होतात, तू स्वतः घाम गाळला काय किंवा पंख्याखाली बसून करून घेतलं काय. पुढं घर विकशील तेव्हा सुधारणेचा खर्च किमतीत धरता येईल, पण पावत्या असलेला. "चाचांच्या मजुरीची सही घेऊन ठेवली असशील तर आण," तो म्हणाला, "आणि तुझ्या रविवारांची पावती असली तर तीही आण."

भाडं वर्षातून दहा महिने धरलं तर 2,20,000. किंमत आणि वरचा सगळा खर्च मिळून घरात गेलेल्या जवळपास साडेअडतीस लाखांवर हे पावणेसहा टक्क्यांच्या आत-बाहेर पडतं. मी रोज काउंटरवर बसून लोकांना मुदत ठेवीचा याहून जास्त दर सांगतो.

पण मला खरा फटका बसला तो यात नाहीच. गुंतवणूकदाराला घराबद्दल थोडंसं अज्ञान लागतं, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. माझ्या ओळखीतले घरं घेऊन विकणारे लोक हुशार आहेत. ते घरात जातात, खोल्या मोजतात, रस्ता किती फुटी ते बघतात, कागद बघतात. भिंतीला कान लावत नाहीत. गुत्तेदाराकडून रंगरंगोटी करून घेतात आणि विकताना 'सगळं नवं केलंय' म्हणतात, ते त्यांच्या परीनं खरंच असतं. त्यांना जे माहीत नाही ते लपवावं लागत नाही. मला सगळंच माहीत आहे. कुठल्या फरशीखाली माल कमी पडला, वरच्या खोलीतला कुठला कोपरा चाचा जेवायला गेले असताना मी घाईनं उरकला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीची कड का बसकी आहे. घरात शिरलो की मला खोल्या दिसत नाहीत, हे दिसतं.

गेल्या दिवाळीनंतर विकायचा विचार केला. मुलीच्या शिक्षणाला पैसे लागणार होते. दलाल म्हणाला, गिऱ्हाईक आणतो, पक्कं आहे, रोख व्यवहार नको म्हणणारं सरळ माणूस आहे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, बरोबर त्यांचा मुलगा. दलालानं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही नुसते उभे राहा. बोलायचं माझ्याकडं."

गुरुजींना घर आवडलं. बाथरूमची फरशी आवडली, त्यावर मी काही बोललो नाही कारण ती चाचांची होती. वरच्या खोलीत त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला, माझ्या घाईच्या कोपऱ्याजवळ थांबले, पुढं गेले. मागच्या खोलीत आल्यावर त्यांनी विचारलं, "ओल-बिल, भेगा-बिगा काही नाही ना?" दलाल म्हणाला, "छे हो, सगळं नवं केलंय." आणि गुरुजी माझ्याकडं बघून हसले, म्हणजे झालं, आता फक्त मान हलवायची होती.

मी त्यांना खिडकीपाशी नेलं. वाकून काच दाखवली. तारीख दाखवली. आधीची काच फुटली होती ते सांगितलं, पाइपचं सांगितलं, कोब्याचं सांगितलं, ही दुसरी काच दोन उन्हाळे काढून शाबूत आहे तेही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. वर नेऊन तो कोपरा दाखवला. गुरुजींच्या हातात हातोडी देऊन वाजवायला लावला. जिन्याखालची टँकरची यादी दाखवली. गुरुजींनी चष्मा वर करून ती यादी सगळी वाचली, अगदी शेवटच्या तारखेपर्यंत. मुलानं काचेचा फोटो काढला. "विचार करून कळवतो," गुरुजी म्हणाले आणि जाताना माझ्या हाताकडं बघत राहिले. पुन्हा रविवार होता.

ते गेल्यावर दलालानं हेल्मेट घातलं, गाडीला किक मारली, परत बंद केली.

"सायेब, पुढल्या खेपेला चावी माझ्याकडं द्या. तुम्ही येऊच नका."